हातभर अंतरावरचा ठिपका

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजच्या या पुरवणीतले एखादे छायाचित्र घ्या आणि आजोबांच्या चष्म्याच्या घरात एखादे भिंग सापडले तर त्यातून पाहा. मंत्र्यांचा चेहरा असो की नटीचा, भिंगाखाली तो विरघळून जातो. राहतात ते फक्त ठिपके; कुठे जाड, कुठे बारीक, पण सगळे एका ओळीत, शिस्तीत बसलेले. वर्तमानपत्राच्या कागदावर एका इंचात साधारण ८५ ठिपक्यांची जाळी वापरण्याचा रिवाज आहे. गुळगुळीत कागदाच्या मासिकात ही जाळी दीडशेपर्यंत जाते. कागद खरबरीत असला की शाई पसरते, आणि जाळी फार बारीक असली तर चित्राचा काळा गोळा होतो. म्हणून कागद पाहून ठिपका ठरवायचा, हे छापखान्यातले जुने शहाणपण.

या ठिपक्यांच्या मापाची गोष्ट मला सांगायची आहे. आज ती छापखान्यातून निघून संगणकाच्या पडद्यावर आणि तुमच्या-आमच्या खिशातल्या मोबाइलवर येऊन पोचली आहे. वेबपान कसे दिसावे हे ज्या सूचनापत्रात लिहिलेले असते त्याला 'स्टाइलशीट' म्हणतात. अक्षर केवढे, समास किती, चित्र पडद्यावर कसे आणि कागदावर कसे, हे सगळे त्यात येते. एका इंचात किती ठिपके, हेही त्यात लिहिता येते, आणि त्यासाठी तीन निरनिराळी मापे आहेत. हे ऐकून एखादा म्हणेल, या तांत्रिक भानगडीशी आमचा काय संबंध? सोमेश्वरनगरच्या माणसाने तरी असे म्हणू नये. आपला मुलूख मापांच्या भांडणातच लहानाचा मोठा झाला आहे.

आधी ठिपक्यांकडेच पाहू. मराठी पंचांग छापून देणारे गणपत कृष्णाजी १८३१ साली शिळाप्रेसवर काम करत होते. दगडावर उलटे लिहायचे आणि कागद दाबायचा. त्यात ठिपक्यांचा प्रश्नच नव्हता. रेघ ती रेघ. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो आपल्या पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. घराघरात लक्ष्मी-सरस्वती पोचल्या त्या या छापखान्यातून. अशा रंगीत शिळाछापात गालावरची छटा कारागीर दगडावर हाताने टिंबे देऊन उठवीत. म्हणजे ठिपके होते, पण इंचात किती याचा हिशेब कोणी ठेवत नव्हते. डोळा आणि हात, एवढेच माप.

हिशेब आला तो छायाचित्रे छापायची वेळ आली तेव्हा. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' या दैनिकात जाळीतून काढलेले छायाचित्र छापले गेले. १८८२ मध्ये जर्मनीच्या माइझेनबाखने आपल्या जाळीच्या पद्धतीचे पेटंट घेतले. या कामात एक भारतीय नाव फार वरचे आहे, आणि ते आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. सत्यजित राय यांचे आजोबा, कोलकात्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी. जाळीची छिद्रे, भिंगाचे अंतर आणि ठिपक्याचा आकार यांचे गणित मांडणारे त्यांचे लेख १८९७ पासून विलायतेच्या 'पेनरोज' वार्षिकात छापून येत होते. आपल्या छापखान्यात पुढे 'ब्लॉक' हा शब्द रूढ झाला आणि 'ब्लॉकला किती स्क्रीन?' हा प्रश्नही. म्हणजे आज आपण संगणकाच्या पडद्याला स्क्रीन म्हणतो, त्याआधी छापखान्यात स्क्रीन म्हणजे जाळी होती.

आता हे 'इंचात किती' म्हणजे नेमके काय, ते उसाच्या भाषेत सांगतो. एखादा शेतकरी म्हणाला, 'माझा ऊस चाळीस टन निघाला', तर आपण लगेच विचारतो, एकरी की एकूण? एकरी चाळीस टन हा एक प्रकारचा दर झाला. त्यावरून माणूस किती श्रीमंत हे कळत नाही, कारण रान किती हे माहीत नाही. डीपीआय, म्हणजे दर इंचाला ठिपके, हाही असाच दर आहे. नुसते 'तीनशे डीपीआयचा फोटो द्या' म्हणणे म्हणजे 'एकरी चाळीस टनाचा ऊस द्या' म्हणण्यासारखे. अहो, किती एकर? आणि हाच चाळीस टनांचा ऊस हेक्टरी मोजला तर आकडा जवळजवळ शंभरावर जातो. ऊस तोच, रान तेच, माप बदलले की आकडा फुगतो. इंचाऐवजी सेंटिमीटर घेतला तर उलटे होते. तीनशे डीपीआयचे ११८ होतात, कारण सेंटिमीटर इंचाहून लहान. त्या मापाला डीपीसीएम म्हणतात, दर सेंटिमीटरला ठिपके. एक फरक मात्र ध्यानात ठेवायचा. एकरी टन क्षेत्रफळावर मोजतात, डीपीआय एका ओळीवर मोजतात. सरीत दोन डोळ्यांमधले अंतर निम्मे केले आणि दोन सऱ्यांमधलेही निम्मे केले, तर बेणे दुप्पट नाही, चौपट लागते. दीडशेचे तीनशे डीपीआय केले की ठिपके चौपट होतात ते यामुळेच, आणि फाइलही त्याच मानाने फुगते.

माप कशाला बांधायचे, हा खरा प्रश्न आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस बसून कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर लिहिली. तीत जमीन मोजण्याच्या काठीचे माप दिले आहे. काठी पाच हात पाच मुठींची. हात चौदा तसूंचा. हात आणि मुठी मिळून काठीची लांबी ८२ तसू. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा. आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. मला यातली कारागिरी फार आवडते. हात म्हटले की प्रश्न येतो, कुणाचा हात? पाटलाचा की सारा देणाऱ्या कुणब्याचा? म्हणून हाताचे तसू ठरवून टाकले. शरीराचे नाव ठेवले, पण माप शरीरापासून सोडवून घेतले.

पुढे इंग्रज आले. त्यांच्या मोजणीचा मोठा प्रयोग झाला तो आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या शेवटी दख्खनच्या जमिनीची पाहणी केली, आकारणी ठरवली, आणि ती सपशेल फसली. सारा झेपेना, रान ओसाड पडू लागले. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे इंदापुरात उतरले. त्यांनी बसवलेली पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम बांधले गेले. या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, बरोब्बर इंग्रजी एकर. एक चौरस फूटही इकडे-तिकडे नाही. पावणेदोनशे वर्षे झाली. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले, तरी आमच्याकडे वाटणीला बसलेली माणसे गुंठ्यातच भांडतात. आर शंभर चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. एवढ्याशा फरकामुळे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सुखाने नांदतात. भांडण लागते ते शंभर गुंठ्यांच्या वर, जेव्हा या सव्वा-एक टक्क्याचा गुंठाभर तुकडा होतो.

इंच तरी एक होता का? तोही नव्हता. अमेरिकेचा आणि ब्रिटनचा इंच केसाच्या अंशाने वेगळा होता. १ जुलै १९५९ पासून तो नेमका २५.४ मिलिमीटर ठरला. म्हणजे इंचाची व्याख्याच मिलिमीटरमध्ये झाली. आपण तोवर १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली होती. तरी टीव्ही इंचात, उंची फुटात, कापड मीटरमध्ये आणि जमीन गुंठ्यात, हा आपला संसार अजून तसाच चालू आहे. ठिपक्यांच्या बाबतीतही आपण इंचाचेच राहिलो. डीपीसीएम म्हणणारा माणूस मला बारामतीच्या बाजारपेठेत अजून भेटलेला नाही.

आता संगणकाकडे येऊ. छापखान्यात अक्षराची उंची 'पॉइंट'मध्ये मोजतात. एका इंचात सुमारे ७२ पॉइंट. जुन्या हिशेबाने ७२ आणि वर थोडे. १९८४ मध्ये अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आला, त्याच्या पडद्यावर एका इंचात ७२ ठिपके होते. सोय अशी की एक ठिपका म्हणजे एक पॉइंट. पडद्यावर जेवढे दिसेल तेवढेच कागदावर उमटेल. पुढच्याच वर्षी लेझररायटर आला, तो इंचाला ३०० ठिपके काढी, आणि घरबसल्या छपाईचा, म्हणजे डीटीपीचा धंदा उभा राहिला. माझ्यासारख्यांची पोटे त्यावरच भरली. अहवाल, लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके, सगळे त्याच तीनशे ठिपक्यांतून गेले.

आमच्या भागात त्याआधी माणसांनी यंत्राचे अक्षर पाहिले ते डॉट मॅट्रिक्स छपाईचे. उसाच्या वजनाची पावती आठवा. नऊ सुयांच्या यंत्रात दोन सुयांमधले अंतर इंचाचा बहात्तरावा भाग असे. पुन्हा तोच ७२ चा आकडा. नऊ सुयांत इंग्रजी 'ए-बी-सी' कशीबशी बसते. देवनागरीचे तसे नाही. आपल्या अक्षराला वर मात्रा, त्यावर अनुस्वार, रफार. खाली उकार, ऋकार. आणि मधे जोडाक्षराची अडगळ. एका ओळीत तीन मजले. मुंबईच्या जुन्या खिळेजुळणीत हे तीन मजले वेगवेगळ्या खिळ्यांनी उभारत, त्याला डिग्री पद्धत म्हणत. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळ्यांना जे रूप दिले, त्याची भुरळ अजून उतरलेली नाही. हे सारे नऊ सुयांत बसवायचे म्हणजे वाड्यातले बिऱ्हाड टपरीत हलवण्यासारखे होते. चोवीस सुयांची यंत्रे आली तेव्हा कुठे शेतकऱ्याला आपले नाव अनुस्वारासकट वाचता आले.

मॅकिंटॉशच्या ७२ ला उत्तर म्हणून विंडोजने ९६ चा आकडा धरला. त्यामागचे कारण असे सांगतात की, पडद्याकडे आपण कागदापेक्षा लांबून पाहतो, म्हणून अक्षर एक तृतीयांशाने मोठे दाखवावे. बहात्तरात तिसरा हिस्सा मिळवला की शहाण्णव. हिशेब चोख, पण त्यामुळे पडद्यावरचा इंच खोटा झाला. त्या काळच्या चौदा इंची मॉनिटरवर पट्टी धरली असती तर विंडोजचा इंच खऱ्या इंचाहून मोठा भरला असता. पट्टी धरतो कोण!

आणि नेमक्या याच वेळी वेब आले. ऑक्टोबर १९९४ मध्ये होकोन विउम ली या नॉर्वेजियन माणसाने वेबपानांसाठी स्टाइलशीटची कल्पना मांडली. बर्ट बोस हा डच गृहस्थ त्याला येऊन मिळाला. १७ डिसेंबर १९९६ रोजी त्यांची 'कॅस्केडिंग स्टाइल शीट्स', म्हणजे सीएसएस, अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. दुसरी आवृत्ती मे १९९८ मध्ये आली. तिच्यात पडद्यासाठी एक सूचनापत्र आणि कागदासाठी दुसरे, अशी सोय होती. इंच, सेंटिमीटर, मिलिमीटर, पॉइंट, पिक्सेल, सगळी मापे होती. घोळ पिक्सेलचा होता. पिक्सेल म्हणजे पडद्याचा एक ठिपका म्हणावा, तर मॅकवर इंचात ७२, विंडोजवर ९६, आणि लेझर छपाईत ३००. बारा पॉइंटचे अक्षर मॅकवर बारा ठिपक्यांत, तर विंडोजवर सोळा ठिपक्यांत. इंग्रजीला बारा ठिपके चालून जातात. मराठीत बारा ठिपक्यांत तीन मजले बसवून पाहा! शिरोरेषेलाच एक ठिपका जातो. 'कि' आणि 'की' यांत डोळे ताणावे लागतात, अनुस्वार मात्रेला चिकटतो, आणि रफार आहे की कागदावर माशी बसली आहे, ते ओळखू येत नाही. २००० साली मॅकवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररने स्वतःहून ९६ चा हिशेब स्वीकारला, तेव्हा हे भांडण बरेच मिटले.

सीएसएस लिहिणाऱ्यांनी पिक्सेलची व्याख्या कशी केली, ते पाहण्यासारखे आहे. मला तर ते वाचून सभासदाची काठीच आठवली. त्यांनी म्हटले, पिक्सेल हा ठिपका नाहीच. तो एक कोन आहे. वाचणारा माणूस हातभर अंतरावर बसला आहे असे धरा. हातभर म्हणजे किती? २८ इंच, ७१ सेंटिमीटर. त्या अंतरावरून इंचाला ९६ ठिपक्यांतला एक ठिपका डोळ्याशी जेवढा कोन करतो तो एक पिक्सेल. पहिल्या दोन आवृत्त्यांत ९६ ऐवजी ९० होते, पुढे ते ९६ केले. हातभर अंतरावर हा पिक्सेल ०.२६ मिलिमीटर भरतो. साडेतीन मीटरवरून पाहायचा पडदा असेल तर तोच पिक्सेल १.३ मिलिमीटरचा व्हायला हवा. म्हणजे माप पुन्हा हाताला आणि डोळ्याला बांधले. पण कुणाचा हात, हा प्रश्न येऊ नये म्हणून २८ इंचांचा ठरवून टाकला. पाच हात पाच मुठी, आणि हात चौदा तसूंचा! तीनशे वर्षांच्या आणि सात समुद्रांच्या अंतरावरून दोन माणसांनी एकच गाठ एकाच पद्धतीने सोडवावी, याची मला मोठी मौज वाटते.

या खटपटीला मराठीच्या बाजूने एका माणसाने मोठा हातभार लावला, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. र. कृ. जोशी, अक्षरांचे जाणकार, पवईच्या आयआयटीत शिकवत. विंडोज २००० बरोबर देवनागरीचा जो 'मंगल' फाँट आला तो त्यांचा. पत्नीच्या नावावरून त्यांनी ते नाव दिले. सोळा-सोळा ठिपक्यांत मराठी अक्षर उभे राहावे, मात्रा तुटू नये, दोन ओळी एकमेकींवर चढू नयेत, म्हणून मंगलच्या ओळींमध्ये भरपूर अंतर सोडलेले असे. कागदावर मंगल मला कधी देखणा वाटला नाही, हे स्पष्टच सांगतो. फार पातळ आणि विस्कळीत दिसतो. पण पडद्यावर त्याने लाखो मराठी माणसांना आपली भाषा वाचायला दिली, हे त्याचे ऋण आहे. जोशी २००८ मध्ये गेले.

आता थोडे वाटणीचे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कुटुंबात दोन भावांनी रान वाटून घेतले. मोजणी खासगी होती, नकाशा संगणकावर काढलेला, आणि तो एका वेबपानावर ठेवून दुवा मोबाइलवर धाडलेला. नकाशाखाली लिहिले होते, प्रमाण एकास हजार. म्हणजे कागदावरचा सेंटिमीटर रानातले दहा मीटर. धाकट्याने एका दुकानात तो छापून घेतला, मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी लावली, आणि संध्याकाळी माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "भाऊ, एक एकर सांगितलं होतं. पट्टीनं पस्तीस गुंठं भरतंय. पाच गुंठं गेलं कुठं?"

थोरल्याशी बोलणे बंद झालेच होते. मी तो कागद घेतला. पान रुंद होते, ब्राउझरने ते कागदात मावावे म्हणून आकसून छापले होते. छापताना तशी खूण आपोआप केलेली असते. कागदावरची लांबी शंभराची चौऱ्याण्णव झाली होती. लांबी चौऱ्याण्णव, रुंदी चौऱ्याण्णव, की क्षेत्र शंभराचे अठ्ठ्याऐंशी होते. चाळीस गुंठ्यांचे पस्तीस आणि वर थोडे. सहा टक्क्यांनी आकसलेल्या कागदाने पाच गुंठे गिळले होते. मी त्याला दुसरी प्रत खऱ्या आकारात काढून दिली, एकराची बाजू सहा सेंटिमीटर साडेतीन मिलिमीटरच्या पुढे भरली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. तरी तो म्हणालाच, "कागद कमीजास्त होतो व्हय? मग सही कशावर करायची?" त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. रानात दगड रोवून घ्या, एवढेच सांगितले.

वेबच्या कारभाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. स्टाइलशीटमध्ये 'एक इंच' असे लिहिले तर पडद्यावर खरा इंच दाखवायचा की ९६ पिक्सेल? खरा दाखवावा, तर जगभरची पाने विस्कटत होती, कारण ९६ पिक्सेल म्हणजे इंच हे गृहीत धरूनच लोकांनी ती लिहिली होती. शेवटी जून २०११ मध्ये सीएसएसची २.१ ही आवृत्ती अधिकृत झाली, तिच्यात तोडगा निघाला. इंच म्हणजे नेहमीच ९६ पिक्सेल, २.५४ सेंटिमीटर, ७२ पॉइंट. ही आपसातली नाती पक्की. पण खुंटा कुठे ठोकायचा ते साधनावर. छपाईत खुंटा खऱ्या इंचाला, म्हणजे सेंटिमीटर लिहिला तर पट्टीवरचा सेंटिमीटर. पडद्यावर खुंटा पिक्सेलला. तिथे इंच पट्टीला जुळला तर योगायोग. काही शुद्धतावाद्यांना हा व्यवहार पटला नाही. मला तो योग्य वाटतो. गुंठा आणि आर शेजारी नांदतात, त्याच जातीची ही तडजोड आहे.

दरम्यान मोबाइलने नवा पेच टाकला होता. जून २०१० मध्ये अ‍ॅपलने आयफोन ४ आणला. पडदा तेवढाच, पण जिथे आधी ३२० ठिपके रुंदी होती तिथे ६४० झाले, इंचाला ३२६. सीएसएसच्या एका पिक्सेलमध्ये आता उभे दोन आणि आडवे दोन, असे चार खरे ठिपके मावू लागले. चित्रे जुनीच दिली तर ती धूसर दिसत, आणि सगळ्यांनाच मोठी दिली तर साध्या फोनवाल्याचा डेटा फुकट जाई. म्हणून पडदा किती दाट आहे हे विचारायची सोय हवी होती. ब्राउझरवाल्यांनी ज्याने त्याने आपापली केली. अ‍ॅपलच्या ब्राउझरचे एक नाव, फायरफॉक्सचे दुसरे, तेही शब्दांचा क्रम उलटा करून, आणि ऑपेराने तर 'दीड' न लिहिता 'तीन भागिले दोन' लिहायला लावले. आम्ही एका चित्रासाठी तीन-चार ओळी लिहीत बसायचो. गावोगावच्या बिघ्यांची आठवण व्हावी असा प्रकार.

१९ जून २०१२ रोजी 'मीडिया क्वेरी' नावाचा नियम शिफारस म्हणून पक्का झाला. त्यात 'रिझोल्यूशन' विचारता येते. इंचाला तीनशे ठिपके असलेली छपाई असेल तर हे सूचनापत्र वापर, असे सांगता येते. मापे दोनच, डीपीआय आणि डीपीसीएम. त्याच वर्षी तिसरे माप आले, डीपीपीएक्स, म्हणजे सीएसएसच्या एका पिक्सेलमागे किती ठिपके. एक डीपीपीएक्स म्हणजे ९६ डीपीआय. यात इंच नाही आणि सेंटिमीटरही नाही, नुसते प्रमाण. एक, दीड, दोन, तीन. मोबाइलच्या दुनियेला हेच मानवले. पुढच्या आवृत्तीत 'अनंत' असेही उत्तर ठेवले आहे, ज्या साधनाला ठिपकेच नाहीत त्याच्यासाठी. रेघेने रेघ काढणारे यंत्र, गणपत कृष्णाजींच्या दगडासारखे.

एवढे होऊनही आमच्याकडच्या कॉम्प्युटर सेंटरवर भरतीच्या अर्जाच्या दिवसांत जी रांग लागते, तिच्यात निम्मे रडगाणे डीपीआयचेच असते. पारपत्राच्या आकाराचा फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, तीनशे डीपीआय, असे अर्जावर लिहिलेले. मुलगा फोटोच्या गुणधर्मात जाऊन ७२ चे ३०० करतो, आणि अर्ज परत येतो. तो आकडा म्हणजे पावतीवरची नोंद. ती खोडून वाढवली म्हणून ऊस वाढत नाही. गुणाकार करून पाहायचा. साडेतीन सेंटिमीटरचे इंच करून तीनशेने गुणले की ४१३ येतात, साडेचारचे ५३१. एवढे ठिपके फोटोत असले पाहिजेत. मग नोंदीत काही का लिहिले असेना.

नकाशांच्या बाबतीत मी आता माझ्यापुरती एक पद्धत ठेवली आहे. पानावरच्या नकाशाची रुंदी पडद्यासाठी पिक्सेलमध्ये आणि छपाईच्या सूचनापत्रात सेंटिमीटरमध्ये देतो. खाली दहा सेंटिमीटरची एक जाड रेघ काढतो आणि तिच्याशेजारी मराठीत लिहितो की, आधी ही रेघ पट्टीने मोजा. दहा भरली नाही तर हा कागद मोजणीला घेऊ नका. त्या दोघा भावांच्या नकाशालाही ती रेघ जोडून नवा कागद दिला. धाकट्याने तो घडी घालून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला आहे. थोरला स्वतः आला नाही. त्याने मुलाला पट्टी घेऊन पाठवले होते.